आमची वाटचाल: तळ्यात मासे सगळ्यांत शेवटी

बागा लावून देणं हे आमचं मूळ काम. झाडं आणि हिरवळीच्या जोडीने लोक छोटं तळंही मागू लागले आणि बघता बघता तळी हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला. खड्डा खणणं, लायनर (पाणी झिरपू नये म्हणूनचं जाड शीट) अंथरणं, कडेला दगड बसवणं ही कामं आम्ही मन लावून करतोच. पण आम्हाला खरी गोडी लागली ती पाण्याची.

त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही जागा मोजण्याआधी विचारतो, मासे कोणते हवेत? तळ्याचा आकार, खोली, फिल्टर, सगळं या उत्तरावर ठरतं. बोटाएवढी दिसणारी कोई (रंगीत, शोभेचा कार्प मासा) पुढे दोन फुटांपर्यंत वाढते. तिला किमान एक मीटर खोली आणि प्रत्येकी साधारण 1000 लिटर पाणी, हा आमचा हिशेब. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि सरासरी 60 सेंटिमीटर खोल तळ्यात 3600 लिटर पाणी मावतं. अशा तळ्याला आम्ही कोई देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तिथे आठ-दहा गोल्डफिश सुखाने राहतात. अगदीच छोटं तळं असेल तर गप्पी. डासांच्या अळ्याही त्या खातात.

पंप असा घेतो, की दोन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरेल. कोईसाठी तासाभरात. खोक्यावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. धबधबा हवा असेल तर तेवढ्या उंचीला पंप किती पाणी देतो, ते तक्त्यात बघावं लागतं.

फिल्टरमध्ये आधी ब्रश आणि स्पंज, गाळ अडवायला. त्यामागे बायो मीडिया, म्हणजे जिवाणूंना चिकटून वाढायला जागा देणारं साहित्य, आणि खरं काम तिथे चालतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. मीडियावर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. ते पाणवनस्पती शोषून घेतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तळं भरल्या दिवशी आम्ही मासे सोडत नाही. पाणी स्वच्छ दिसतंय, मग थांबायचं कशाला, असं हमखास विचारलं जातं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आम्ही टेस्ट किटने तपासून दाखवतो. यूव्ही दिव्याने हिरवं पाणी निवळतं, अमोनिया मात्र तसाच राहतो.

दोन-तीन मासे आधी सोडतो, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकले की पुढचे. पहिल्या काही आठवड्यांची तपासणी आमची माणसं स्वतः करतात; व्यवसायात आम्ही केलेला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोबत घरच्यांना दोन गोष्टी करून दाखवतो. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. आणि रात्री पंप बंद करायचा नाही. जिवाणूंना प्राणवायू लागतो, अंधारात वनस्पतीही तो वापरतात आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात तर आणखीच कमी, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्या दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले तर खाद्य थांबवून एअर पंप लावा आणि आम्हाला लगेच कळवा.