मेपलवर उतरलेली शिसवी

दोन पल्ल्यांचं छोटं कपाट होतं. पल्ल्याच्या मधोमध लहरी (लाटांसारख्या रेषांचं) मेपल लाकूड, भोवती 40 मिमीची शिसवी पट्टी. दोन्हींचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, 0.6 मिमी, खाली 18 मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी). पाठीलाही तेवढ्याच जाडीचं व्हिनिअर. एकाच अंगाला लावलं की ग्लू सुकताना पल्ला वाकतो.

पहिला घोळ जुळणीत निघाला. मेपलचे लागोपाठचे तुकडे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले होते. लहरी लाकडात उलटवलेला तुकडा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो. त्यामुळे एक पट्टा उजळ, शेजारचा मळकट. आपण दुसऱ्या बाजूने पाहिलं की नेमकं उलट. गोंदटेपने जोडून उभं धरलं तेव्हाच हे दिसलं म्हणून बरं. टेप ओली करून तुकडे सोडवले आणि न उलटवता नुसते सरकवत लावले. आरशासारखी जुळणी गेली, उजेड सारखा झाला. (गाठीच्या लाकडात हा त्रास फारसा जाणवत नाही, तिथे पुस्तकजुळणी खुशाल करावी.)

खरा दणका पॉलिशला बसला. 180 च्या पेपरने शिसवीचा काळपट भुगा मेपलवर पसरला, तो हवेने उडवला. मग चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) कापडी बोळा पट्टीवरून सरळ मधे ओढला, आणि बोळ्यामागे जांभळट फराटा उमटला. शिसवीतला रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. बोळा तो बरोबर घेऊन जातो. स्पिरिटने पुसायला गेलो तर डाग आणखी पसरला. शेवटी कोरडं होऊ दिलं आणि धार लावलेल्या स्क्रेपरने हलके हात मारले. पेपर इथे नकोच, पुन्हा तोच भुगा.

नंतर क्रम बदलला. मेण काढलेला फिकट चपडा, लिटरभर स्पिरिटला सुमारे 120 ग्रॅम. नारिंगी चपडा मेपलला पिवळं करतो. आधी बारीक ब्रशने फक्त मेपलवर तीन हात, सांध्यापाशी थांबून. शिसवीवर स्प्रेने अगदी विरळ फवारे, प्रत्येक सुकल्यावर पुढचा. दोन्ही लाकडं चपड्याच्या थराखाली बंद झाल्यावरच बोळा, तोही पट्टीच्या लांबीने. पट्टी ओलांडून मेपलवर नाही.

उजव्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा डाग तरीही राहिला. तिथे व्हिनिअर इतकं पातळ झालं होतं की स्क्रेपरचा आणखी एक हात मारला असता तर खालचा एमडीएफ दिसला असता.