सहा चाकं, प्रत्येकी दोन इंच बाहेर: खाजनातल्या गाडीचा माझा अनुभव

आमची शेती डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला खाजनात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी ते आत-बाहेर सोडायचं, आणि मधल्या सखल जमिनीत भात काढायचं, ही खाजनाची शेती. कुर्ल्या बांधात बिळं करतात, पाणी त्यातून वाट काढतं, आणि पावसाळ्यात कुठेतरी मातीच्या गोण्या घेऊन धावावं लागतं. तिथे ट्रॅक्टर रुततो आणि होडी प्रत्येक ठिकाणी पोचत नाही. म्हणून बंद पडलेल्या एका वॉटर स्पोर्ट्सच्या धंद्यातून मी सहाचाकी उभयचर एटीव्ही घेतली. प्लास्टिकचं टबासारखं अंग, फुगीर मऊ टायर, चिखलातही चालते आणि पाण्यातही.

अडचण आली ती बांधाच्या उतारावर. मागे गोण्या भरल्या की गाडी खालच्या बाजूला अशी कलायची की शेजारी बसलेला माणूस आपोआप वरच्या कडेला सरकायचा. दुसरा त्रास वळण्याचा. या गाडीची चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लागतो, दुसरी बाजू चालत राहते आणि गाडी जागच्या जागी घसटत फिरते. पुढची आणि मागची चाकं चिकणमातीत आडवी ओढली जातात, इंजिन दबतं, चेन कुरकुरते. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर वाढवलं की दोन्ही त्रास कमी होतात. गाडीची लांबी तीच राहते, पण वळवणारी तरफ लांब होते.

टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत ११५० मिमी भरत होते. प्रत्येक चाक ५० मिमी बाहेर काढलं तर १२५० होतं, म्हणजे वळायला लागणारा जोर साधारण आठ टक्क्यांनी उतरतो. उलटण्याच्या कोनाचा हिशेब मात्र हिरमोड करणारा निघाला. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला तर जेमतेम दोन अंश वाढतात. मऊ टायर खालच्या बाजूला दबतात, तेव्हा त्यातलेही थोडे जातात. ज्याला केवळ उलटण्याची भीती आहे त्याने आधी गोण्या खाली ठेवाव्यात, वजन उंच रचू नये. फुकटात याहून जास्त फायदा होतो.

काम साखळीच्या रस्त्यावरच्या एका जुन्या वर्कशॉपला दिलं. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे बार्ज आणि ट्रकची कामं चालायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या, पण लेथ राहिला आणि लेथवरचा मेस्त, म्हणजे कारागीर, तोही राहिला. त्याने चाक उतरवलं, अ‍ॅक्सल हलवून पाहिला आणि म्हणाला, "पात्रांव, बेअरिंग रडटलें हें."

तो म्हणाला ते खरंच होतं. बाहेरच्या बेअरिंगपासून टायरचा मध्य आमच्या गाडीत १०० मिमी बाहेर होता. तो १५० वर गेला की चाकावर वजन तेच असूनही अ‍ॅक्सलला वाकवणारा जोर दीडपट होतो. चाक बाहेर काढायला अ‍ॅक्सल आणि चाकाच्या मध्ये जाड चकती बसवतात, तो स्पेसर. पुष्कळांना वाटतं की स्पेसरऐवजी रिमच बाहेर काढून वेल्ड केली तर बेअरिंग वाचतं. तसं नाही. टायरचा मध्य कुठे आला एवढंच बेअरिंगला कळतं, तो कशाने आला ते नाही. बेअरिंगच पुढे नेणारी नळी बसवता येते, पण त्यासाठी अंगाला पाण्याच्या रेषेखाली नवी भोकं पाडावी लागली असती. मी ती वाट सोडली आणि ७५ मिमीचा विचार ५० वर आणला.

मग माप. हबला, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक बसतं त्या भागाला, पाच स्टड (चाक आवळायचे बोल्ट) आहेत, आणि पाच स्टड असले की समोरासमोर मोजता येत नाही. मेस्तची रीत सोपी: शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. आमचं ६७ मिमीच्या जरा वर आलं, म्हणजे पीसीडी (सगळ्या स्टडच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिमी, साडेचार इंच. हे माप कित्येक मोटारींचंही असल्यामुळे तयार स्पेसर बाजारात मिळतात, पण ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. खाऱ्या पाण्यात लोखंडी हबला अ‍ॅल्युमिनियम टेकलं की गंजायची पाळी अ‍ॅल्युमिनियमवर येते. बार्जच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच गुणाचा फायदा घेऊन: जस्त झिजतं, पत्रा वाचतो. इथे झिजणारी वस्तू चाक धरून ठेवणार होती. म्हणून ईएन-८ या पोलादाच्या गोल सळीतून सहा स्पेसर कातले.

प्रत्येकात दहा भोकं. पाचांतून स्पेसर हबला आवळायचा, मधल्या पाचांत चाकाचे नवे स्टड. हबकडचे नट खोल खाच्यात बसले पाहिजेत, नाहीतर रिम सपाट टेकत नाही. मधल्या भोकाला हबवर घट्ट बसेल अशी कड ठेवली, म्हणजे चाक स्टडवर लोंबकळत नाही. डायल गेज लावून मेस्तने एकेक हब हाताने फिरवला. एकाचा काटा सारखा हलत होता. स्पेसर काढला तर मागे गंजाची पापडी निघाली, हबच्या तोंडावरच. ती घासली आणि काटा शांत झाला. या कामात पैसे लेथला जातात, पण वेळ खातो तो हा गंज.

टायरवाल्याकडे मात्र स्वतः उभं राहा. या टायरला दोन-तीन पीएसआय हवा लागते आणि नेहमीच्या गेजवर तेवढ्याला काटा धड उचलतही नाही. पोरगा मोटारीच्या सवयीने पंचवीस भरायला निघतो. शिवाय एका बाजूची तिन्ही चाकं एकाच चेनने बांधलेली, त्यामुळे एक टायर जास्त फुगला तर तो बाकीच्यांशी भांडत राहतो आणि ते भांडण चेन सोसते. मी गेजपेक्षा टेपवर विसंबतो: टायरचा घेर मोजायचा आणि तिन्ही सारखे करायचे.

पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळले, त्यातले काही खरंच पाव फेरा फिरले. वळण्यातला फरक पहिल्याच चिखलात कळला, इंजिन दबत नाही. उतारावर शेजारचा माणूस जागेवर राहतो. किंमतही मोजावी लागली. सहा स्पेसर मिळून तिसेक किलो, म्हणजे गाडी पाण्यात सुमारे एक सेंटीमीटर जास्त बुडते. भरल्या गाडीने मी आता खोल पाण्यात जात नाही. दर खेपेनंतर बेअरिंगला ग्रीस देतो. आधी दुधाळ, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येतं, मग स्वच्छ दिसू लागलं की थांबायचं. त्यापुढे दाबलं तर सील सुटतं.

चाकं अंगाबाहेर आल्यामुळे चिखल सरळ तोंडावर उडायला लागला. त्यावर मेस्तनेच तोड काढली: खाणीतल्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे कापून कडेला बोल्टने लावले. पिकअपच्या हौद्यात मात्र गाडी आता बसत नाही, पूर्वी बोटभर जागा उरायची. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नाहीच, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेतो. फळ्या धरायला दोन माणसं लागतात, त्यातला एक मिळाला तरी दुसऱ्याची वाट बघावी लागते.