दोन नोंदींमधले दिवस

कोल्हापुरातल्या आमच्या विभागाकडे दुर्बीण नाही. पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारे तारे; दूरच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेली त्यांची स्पंदने फायलींच्या रूपाने येतात. प्रत्येक स्पंदन केव्हा यावे याचे गणित आधीच मांडलेले असते. प्रत्यक्ष वेळेतून ते वजा केले की उरलेला फरक आलेखावर शून्याच्या रेषेला चिकटून राहतो. त्या दिवशी मात्र व्हेला पल्सारची ताजी फाईल उघडताच संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही रेष उतरतेय." तासाभरात स्पंदने सात मिलिसेकंद लवकर येऊ लागली होती.

पहिला संशय नेहमी घड्याळावर घ्यायचा असतो. म्हणून त्याच सत्रात, त्याच घड्याळावर टिपलेला दुसरा पल्सार तिने लगेच तपासला. त्याची रेष सपाट होती. उडी ताऱ्यानेच घेतली होती, म्हणजे त्याचा फिरण्याचा वेग अचानक वाढला होता. सेकंदाला सुमारे ११ फेऱ्या घेणाऱ्या या न्यूट्रॉन ताऱ्याचा (अतिघन मृत ताऱ्याचा) आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, एरवी दिवसाला सुमारे ११ नॅनोसेकंदांनी वाढतो. इथे पंधरवड्याहून अधिक काळाचे मंदावणे एका झटक्यात पुसले गेले होते. याच ताऱ्याची अशी उडी १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स आणि अमेरिकेतल्या गोल्डस्टोन येथल्या रेडिओ दुर्बिणींवरून प्रथम नोंदवली गेली. पार्क्सच्या संशोधक जोडीत भारतीय खगोलशास्त्रज्ञ व्ही. राधाकृष्णन होते. कवचातल्या अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणाऱ्या, न्यूट्रॉनांचे भोवरे अणुकेंद्रकांच्या जालकात अडकतात, त्यामुळे तो द्रव कवचाबरोबर मंदावत नाही, आणि भोवरे एकदम सुटले की साठलेला कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कवचाला मिळतो, हे स्पष्टीकरण आज सर्वाधिक मानले जाते.

उडी नेमकी केव्हा झाली, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही. नव्या वेगाने तारा दिवसाला जवळजवळ दोन जादा फेऱ्या घेतो. पण आधीची नोंद पंधरवड्यापूर्वीची असल्याने मधल्या काळात अशा किती पूर्ण फेऱ्या झाल्या, हे कळायला मार्ग नाही. एक फेरी जास्त धरली की उडीची वेळ अर्धा दिवस मागे जाते, आणखी एक धरली की आणखी अर्धा दिवस, आणि यातले प्रत्येक उत्तर गणिताने निर्दोष ठरते. १२ डिसेंबर २०१६ ची उडी टास्मानियातल्या दुर्बिणीने घडत असतानाच टिपली, तेव्हा एक स्पंदन चक्क गायब झालेले दिसले. कारण ती दुर्बीण या एकाच ताऱ्याकडे तासन्‌तास पाहत होती. आम्ही मागितलेला रोजचा थोडा वेळ "व्हेला तर जुनाच" म्हणून नाकारला गेला, आणि तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. उडीनंतर ताऱ्याचा वेग काही अंशी झपाट्याने सावरतो. ते पहिले दिवसही आमच्या हातून गेले.

मधल्या काळात कुणी व्हेला पाहिला असेल, तर त्या एका नोंदीने बरेच पर्याय बाद होतील. तशी विचारणा करणारी पत्रे आम्ही इतर वेधशाळांना पाठवली आहेत.