तीन दिवसांचे एक लाख पाच हजार

चार एप्रिलला सकाळी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला, नव्या कारखान्याच्या शेडच्या साइटवर पोचले, तर खड्ड्यांभोवती इतकी माणसं जमलेली की काही अपघात झालाय की काय या धास्तीनं मी गाडीवरून उतरून धावतच गेले. सगळं ठीक होतं. मालकांनी आदल्या संध्याकाळी सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणारी, दुसरी टोळी आणली होती. प्लेटा आणि टेकूंचा दुसरा सेट भाड्यानं घेतला होता. सगळं मिळून नव्वद हजारांना ठरलं होतं आणि पैसे देऊनही झाले होते.

"ताई, पैशाचं मी बघतो. पाच जूनला फौंडेशन तयार पाहिजे, बास. मृगाच्या आत मशीन शेडात गेलं पाहिजे."

मालक साठीचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात करून इथवर आलेले. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची घाई खोटी नव्हती. दोन कोटींचं मशीन कर्जावर घेतलेलं, जुना गाळा भाड्याचा, आणि हातातले जॉब बाहेरून करून घ्यावे लागत होते. पण खड्ड्यांतली ती गर्दी बघून मला कसंतरी झालं, कारण त्या नव्वद हजारांनी पाच जून एक दिवसानंही जवळ आला नव्हता.

का, ते सांगते. फुटिंग (शेडच्या खांबांचे पाये), त्यावरचे काँक्रीटचे पेडेस्टल आणि खांब पकडून ठेवणारे अँकर बोल्ट या कामाला साध्या गतीनं २६ दिवस लागणार होते. त्याच वेळी तिकडे उद्यमनगरात कॉलम आणि ट्रसचं, म्हणजे लोखंडी खांब आणि छताच्या कैच्यांचं, फॅब्रिकेशन चाललं होतं, त्याला ३४ दिवस. दोन्ही झाल्याशिवाय उभारणी नाही. मग उभारणी १४ दिवस, पत्रे १० आणि शेवटी मशीन फौंडेशन व फ्लोअरिंग ३२. १ एप्रिलपासून मोजलं तर ३४, १४, १० आणि ३२ मिळून ९० दिवस, म्हणजे २९ जून. फुटिंग २६ ऐवजी २० दिवसांत उरकलं तरी पेडेस्टल उन्हात ट्रसची वाट बघत उभे राहणार. फुटिंगला मुळातच आठ दिवसांची सवड होती. पैसे ओतले ते त्या सवडीत.

डिप्लोमाला हे शिकताना आम्ही फक्त बाण आणि गोल काढले. नोकरीला लागल्यावर पुढे कधीतरी वाचनात आलं की क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी दादांचाच होता: काम लवकर संपवायचं तर जादा पैसा नेमका कुठल्या कामावर घालायचा? सगळ्यांवर घालणं परवडत नाही. ज्या साखळीवर शेवटची तारीख अडलेली असते त्या साखळीतलीच कामं ओढायची, आणि त्यातही ज्याचा एक दिवस सर्वांत स्वस्तात मिळतो ते आधी. याला क्रॅशिंग म्हणतात. शब्द मला आवडत नाही. साइटवर आम्ही "काम ओढणं" म्हणतो, तेच बरं.

त्या दुपारी वॉचमनच्या खोलीत प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं मी दादांना एकेक दिवसाचा भाव मांडून दाखवला. पत्र्यांना दुसरी टोळी लावली तर १० चे ६ दिवस होतात, जादा छत्तीस हजार, म्हणजे दिवस नऊ हजारांना. फॅब्रिकेशनला रात्रपाळी, दोन जादा वेल्डर आणि वेल्डिंग सेट दिले तर ३४ चे २२, जादा एक लाख चव्वेचाळीस हजार, दिवस बारा हजारांना. उभारणीला एकाऐवजी दोन हायड्रा क्रेन आणि वजन उचलून बसवणारे जादा रिगर घेतले तर १४ चे ९, जादा एक लाख, दिवस वीस हजारांना. फौंडेशन आणि फ्लोअरिंग ३२ वरून २५ वर येऊ शकत होतं, पण वरच्या ग्रेडचं काँक्रीट, त्यात घालायचं रसायन (अॅडमिक्श्चर), फ्लोअरिंगमधलं जादा पाणी ओढून घेणाऱ्या ट्रीमिक्सचा दुसरा सेट आणि रात्रीची मजुरी धरून तिथला प्रत्येक दिवस पस्तीस हजारांना पडत होता.

मग दुसरी बाजू. काम एक दिवस लवकर संपलं तर दादांचे वाचतात किती? हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आम्ही दोघांनी मिळून जमवलं: गाळ्याचं भाडं दिवसाला साडेतीन हजार, दोन कोटींवर दहा टक्क्यांनी व्याज साडेपाच हजार, बाहेरून मशिनिंग करून घेण्याचे जादा नऊ हजार, साइटवरचा सुपरवायझर, वॉचमन आणि भाड्याचं सामान चार हजार. एकूण बावीस हजार.

दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग त्यांनी स्वतःच पेन्सिल घेऊन नऊ, बारा आणि वीस या आकड्यांपुढे टिक केली आणि पस्तीसपाशी थांबले.

नव्वद हजारांचा हिशेब सांगणं सर्वांत अवघड गेलं. फॅब्रिकेशनचे आठ दिवस कमी केले की तेही २६ वर येतं, फुटिंगच्या बरोबरीला. तिथून पुढे एक दिवस कमी करायचा तर दोन्ही कामं एकदम ओढावी लागतात. बारा हजार फॅब्रिकेशनला आणि पंधरा हजार फुटिंगला (नव्वद हजारांत सहा दिवस), म्हणजे एक दिवस सत्तावीस हजारांना. बावीस वाचवायला सत्तावीस कोण घालवेल? पैसे देण्याआधी बसलो असतो तर मी फुटिंगला हात लावू दिला नसता. पत्र्यांचे ४, फॅब्रिकेशनचे ८, उभारणीचे ५ असे १७ दिवस कमी करून १२ जूनला थांबायला सांगितलं असतं. पण नव्वद हजार गेले होते, ते परत येणार नव्हते. ते गेलेच असं धरलं की फॅब्रिकेशनचे उरलेले चार दिवस पुन्हा नुसत्या बारा हजारांना मिळत होते, आणि ते घेण्यातच शहाणपण होतं. असे २१ दिवस झाले आणि तारीख आली ८ जून. एकूण जादा खर्च तीन लाख सत्तर हजार, बचत चार लाख बासष्ट हजार. निव्वळ फायदा ब्याण्णव हजारांचा. १२ जूनवर थांबलो असतो तर तो एक लाख बेचाळीस हजार झाला असता. त्या एका संध्याकाळचे पन्नास हजार आजही माझ्या मनाला लागतात. ते दादांनी लेथपुढे उभं राहून मिळवलेले होते.

आता राहिले तीन दिवस, ८ जूनवरून ५ जून. भाव एक लाख पाच हजार, वाचणार सहासष्ट. तरी दादा हटत नव्हते. "ताई, सहा तारखेला मशीनवाल्यांचा इंजिनिअर येतोय." मी म्हटलं, दादा, त्यांना फोन करा की. फोन केला. इंजिनिअर नऊ तारखेला यायला तयार झाला, एक रुपयासुद्धा न घेता. पावसाची भीती मात्र खरी होती. शेडवर ७ मेला पत्रे चढणार होते, त्यामुळे आतल्या कामाला वळीवाचा धोका नव्हता, पण गेटपासून शेडपर्यंतची काळी माती एका सरीत ट्रेलर गिळते. तिथे मुरूम टाकून रोलर फिरवायला सांगितलं. तीन दिवस विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त होतं.

आणि एक गोष्ट मी त्यांना पैशाच्या हिशेबाबाहेर ठेवून सांगितली. आपण पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट वापरतोय. काँक्रीटच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाप्रमाणे अशा सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस ओलावा द्यावा लागतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवसांची शिफारस आहे. ते दिवस कितीही माणसं लावून कमी होत नाहीत. मुकादमावर दबाव आला की पहिल्यांदा तेच चोरले जातात, कारण ती चोरी वरून दिसत नाही. पत्रा चुकला तर बदलता येतो. दोन कोटींच्या मशीनखालचा ठोकळा बदलता येत नाही.

दादांनी आठ जून मान्य केला.

एप्रिलच्या मध्यात जोतिबाची चैत्र यात्रा आली. रात्रपाळीतली चार पोरं सासनकाठीबरोबर डोंगरावर जाणार, हे मला माहीत होतं. दादांनी दुप्पट हजेरी देऊ केली, एकही थांबला नाही. बावीस दिवस धरताना ते दोन दिवस मी आधीच सोडले होते. कोल्हापुरात राहून एप्रिलचं वेळापत्रक जोतिबाला न विचारता करणारा माणूस काम वेळेत देऊ शकेल असं मला वाटत नाही.

मे महिना फौंडेशनवर पाणी मारण्यात गेला. ओल्या गोणपाटाचा वास, सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. वॉचमनच्या बायकोनं हे काम अंगावर घेतलं. एका दुपारी टँकर आला नाही तेव्हा शेजारच्या कारखान्यातून घागरींनी पाणी आणून तिनं गोणपाट ओलं ठेवलं. मी तिच्या नावावर आठवड्याची वेगळी हजेरी लावली. शेवटच्या बिलात दादांनी ती बघितली आणि काही न विचारता सही केली.

आठ तारखेला दुपारी पाऊस आला. नऊला सकाळी ट्रेलर मुरमावरून आत आला. हायड्राचं एक चाक कडेला रुतलं, ते काढण्यात तासभर गेला. मशीन बसल्यावर इंजिनिअरनं बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवली, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी. अर्धा दिवस बोल्ट फिरवून बुडबुडा मधोमध आणला, मशीनखालच्या फटीत ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरून घेतलं आणि महिन्यानं पुन्हा तपासायला येतो म्हणून गेला.

जुलैत तो आला तेव्हा मी मुद्दाम साइटवर गेले होते. दादाही हातातलं काम टाकून उभे राहिले. त्यानं लेव्हल ठेवली. बुडबुडा जिथल्या तिथे होता.