विंडस्टार की स्टार क्लिपर्स? बेळगावहून एजियन समुद्रापर्यंत

मोठं जहाज नको, एवढं घरात पहिल्यापासून ठरलेलं होतं. हजारो प्रवासी, दुकानं, नाट्यगृह, घसरगुंड्या असलेल्या जहाजांबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईहून सुटणाऱ्या तसल्या जहाजानं आमच्या नात्यातली बरीच मंडळी गोवा आणि लक्षद्वीप करून आली आणि खूश आहेत. मला मात्र समुद्र जवळून हवा होता. दीडशे-दोनशे माणसांचं, शिडांचं, लहान बंदरातही थांबणारं जहाज हवं होतं. शोधता शोधता दोन नावं उरली: अमेरिकेतली विंडस्टार आणि मोनॅकोची स्टार क्लिपर्स. त्या दोन कंपन्यांतून एक निवडण्यात टिळकवाडीतल्या आमच्या घरात एक अख्खा पावसाळा गेला.

शिडाचं वेड माझं, आणि ते माहेरून आलेलं. माहेर वेंगुर्ल्याचं. एके काळी बेळगावला लागणारा कितीतरी माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर यायचा. बेळगावातून निघणाऱ्या त्या रस्त्याला आपण अजून वेंगुर्ला रोडच म्हणतो. आमच्या आजोबांनी शिडाची गलबतं पाहिली होती. शीड चढवताना खलाशी एका दमात जी हाळी घालायचे, ती ते आम्हा नातवंडांना काठी टेकून, उभं राहून म्हणून दाखवायचे. मी वाढले तोवर बंदरात इंजिनाच्या होड्याच उरल्या होत्या. वाऱ्यावर चालणारं मोठं जहाज मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले. सगळं आयुष्य लेथ, कास्टिंग आणि हायड्रॉलिक्समध्ये गेलेलं. मी खोल्यांचे आणि बेटांचे फोटो दाखवत होते आणि यांचा प्रश्न एकच, "ही शिडं वर जातात कशी?" पुढे कळलं की या दोन कंपन्यांतला खरा फरक त्याच प्रश्नात आहे.

विंडस्टारचं 'विंड स्टार' हे जहाज १९८६ साली फ्रान्समधल्या ल हाव्र इथे बांधलं गेलं. चार डोलकाठ्या, सहा शिडं, १४८ प्रवासी. त्याचंच भावंड 'विंड स्पिरिट', १९८८चं. 'विंड सर्फ' मोठं: पाच डोलकाठ्या, ३४२ प्रवासी. या जहाजांवरची शिडं संगणकाच्या हुकमानं यंत्रं उलगडतात आणि यंत्रंच गुंडाळतात. काही मिनिटांत सगळी शिडं पसरलेली, आणि दोराला कुणाचा हात लागलेला नाही.

स्टार क्लिपर्स काढली मिकाएल क्राफ्ट या स्वीडिश माणसानं. एकोणिसाव्या शतकात जगभर माल वाहणाऱ्या वेगवान क्लिपर जहाजांचा त्याला लहानपणापासून ध्यास, आणि तशी जहाजं पुन्हा पाण्यात उतरवायचीच असं त्यानं ठरवलं. 'स्टार फ्लायर' १९९१ साली आलं, 'स्टार क्लिपर' १९९२ साली. दोन्ही चार डोलकाठ्यांची, १६ शिडांची, १६६ प्रवाशांची. सन २०००मध्ये आलेलं 'रॉयल क्लिपर' तर पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडांचं आहे. १९०२ सालच्या 'प्रॉयसेन' या जर्मन जहाजावरून त्याची प्रेरणा घेतलेली. इथेही सगळंच हातानं होतं असं नाही, दोर ताणणारी विंच ही यंत्रं विजेवर चालतात. पण दोर माणसं ओढतात, बांधतात, सोडतात, आणि हे सगळं तुमच्या खुर्चीपासून चार हातांवर चाललेलं असतं.

दोन्हीकडे इंजिन आहे. वारा पडला किंवा वेळापत्रक गाठायचं असलं की इंजिन लावावंच लागतं, त्यामुळे "संपूर्ण प्रवास शिडावर" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आरामाच्या बाबतीत विंडस्टार सरळ पुढे आहे. 'विंड स्टार'वरची साधी खोली १८८ चौरस फुटांची. 'स्टार क्लिपर'वरच्या बहुतेक खोल्या १२०च्या आसपास. न्हाणीघर आटोपशीर, खिडकी म्हणजे गोल झरोका. शिडांच्या या लहान जहाजांवर बाल्कनीचा प्रश्न दोन्हीकडे नाहीच. विंडस्टारवर जेवायच्या जागा दोन-तीन. संध्याकाळी डेकवर मेणबत्त्यांच्या उजेडात वाढतात ते वेगळं. 'स्टार क्लिपर'वर जेवणघर एकच, आणि टेबल ठरलेलं नसतं, येऊन बसाल त्या शेजाऱ्याबरोबर जेवायचं. दारूचे पैसे साधारणपणे दोन्हीकडे निराळे, म्हणजे भाड्यात काय काय येतं हे ओळ न् ओळ वाचून घ्यायचं. विंडस्टारचा हिशेब डॉलरमध्ये, स्टार क्लिपर्सचा युरोत. आम्ही पाहिलेल्या तारखांना स्टार क्लिपर्स स्वस्त पडत होती.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र हे आधी वाचावं: स्टार क्लिपर्सच्या कुठल्याही जहाजावर लिफ्ट नाही. 'विंड स्टार' आणि 'विंड स्पिरिट'वरही नाही. 'विंड सर्फ'वर आहे. जिने अरुंद असतात, आणि जहाज कललेलं असताना ते चढायचे असतात.

मी सगळं कागदावर मांडलं, आणि कागद विंडस्टारकडे झुकत होता. मग हेच म्हणाले, "आमच्याकडं नवीन पोरगा आला की त्याला आधी कानस घासायला लावतो, मशीन मागनं देतो. हातानं कसं होतंय ते आधी बघू की." यंत्राच्या माणसानं दोराच्या बाजूनं मत दिल्यावर वाद संपला. 'स्टार क्लिपर', अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघून पिरेयसला परत, ग्रीसची बेटं आणि मध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी.

त्या कुशादासीमुळे व्हिसाची एक गोष्ट नीट सांगते, कारण आपल्याकडे ती कुणी आपण होऊन सांगत नाही. जहाज ग्रीसमधून तुर्कस्तानात जातं आणि पुन्हा ग्रीसमध्ये येतं. म्हणजे शेंगेनच्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, हद्दीबाहेर पडून परत आत शिरणं. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, अर्ज करतानाच अनेक वेळा प्रवेशाचा मागायचा आणि जहाजाचा मार्ग छापून सोबत जोडायचा. बोटांच्या ठशांसाठी आम्ही बेंगळुरूला गेलो. शेंगेन हातात असलं की तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा. आणि कुंदा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मी शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई, तिथून आखातमार्गे अथेन्स. पिरेयस हे प्रचंड बंदर. ओळीनं उभ्या असलेल्या पांढऱ्या इमारतींएवढ्या जहाजांच्या पलीकडे आमच्या डोलकाठ्या दिसल्या आणि मी बॅगा तिथेच ठेवून बघत राहिले. डोलकाठीची उंची ६० मीटरच्या वर. खालून वर पाहिलं तर दोरांचं एवढं जाळं, की यातला कुठला दोर कशाचा हे कुणाला कसं कळत असेल, असं वाटलं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. उघड्या समुद्रात आल्यावर कप्तानानं सांगितलं, ज्यांना दोर धरायचा त्यांनी पुढे यावं. मी गेले. माझ्यापुढे एक जर्मन आजी, मागे हे. खलाशी पोरगा मोठ्यानं मोजत होता आणि त्याच्या मोजण्याबरोबर आम्ही मागे सरत होतो. दोर जाड, खरखरीत, आणि जिवंत असल्यासारखा हाताला उलट ओढ देणारा. वर कापड फडफडत होतं, मग एका क्षणी ते वाऱ्यानं भरलं आणि फडफड थांबली. जहाज हलकेच एका कुशीवर आलं. थोड्या वेळानं इंजिन बंद केलं. हे मला आवाजावरून कळायच्या आधी यांना तळपायांतून कळलं. "थरथर थांबली," म्हणाले, आणि चप्पल काढून डेकवर उभे राहिले. आजोबांची हाळी मला तेव्हा सबंध आठवली. मी ती म्हटली, मोठ्यानं म्हटली. त्या पोरानं वळून पाहिलं.

तो निघाला गोव्यातल्या सत्तरीचा. चोर्ला घाट उतरलं की त्याचं गाव. कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहायला शाळेची सहल यायची म्हणाला. "काकू, बाजार करायला आम्ही बेळगावलाच येतो," हे ऐकून मला भरून आलं. गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत, हे माहीत होतं. पण एजियन समुद्रात शीड बांधताना आपल्या मुलुखातला मुलगा मराठीत बोलतो, ही गोष्ट निराळीच. कुठला दोर कुठल्या शिडाचा, हे त्यानं आम्हाला रोज थोडं थोडं शिकवलं. प्रत्येक दोर ठरलेल्या जागीच बांधायचा, म्हणजे काळोखातही हात बरोबर तिथेच जातो.

पुढच्या टोकाला, पाण्यावर झेपावलेल्या काठीखाली जाळं बांधलेलं असतं. हवा बरी असली की प्रवाशांना त्यात जाऊन पडता येतं. पाठ जाळ्यावर, खाली मोकळा समुद्र, पाणी कापत येणारा जहाजाचा टोकदार पुढचा भाग अगदी मागे. मी तिथे इतका वेळ असायचे की हे चहा प्यायला वरून हाक मारायचे. पट्टा बांधून डोलकाठीवर पहिल्या माचीपर्यंत चढूही देतात. हे चढले, आणि वरून कप्प्यांचे फोटो काढून आले. सुकाणूची जागा प्रवाशांना खुली असते. कप्तान सकाळी डेकवर सगळ्यांना जमवून वारा कुठून आहे, आज कुठली शिडं लावायची आणि का, हे समजावून सांगतो. उन्हाळ्यात एजियनमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर जास्त. शिडाला तो हवाच असतो, पोटाला सोसेलच असं नाही. एका रात्री तो बऱ्यापैकी वाहिला. शेल्फवरच्या वस्तू मी जमिनीवर ठेवल्या आणि आलेपाकाच्या वड्या उशाशी. झोप मात्र लागली.

बंदरांबद्दल थोडक्यात. कुशादासीहून एफेससचे अवशेष पाहिले, ऊन फार. पॅटमॉसचा सेंट जॉनचा मठ १०८८ साली स्थापन झालेला. वरून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. मोनेमवासिया मला सगळ्यांत आवडलं. समुद्रात उभा असलेला एक अवाढव्य खडक, जमिनीला एका चिंचोळ्या वाटेनं जोडलेला, आणि खडकाच्या पाठीमागे लपलेलं मध्ययुगीन गाव. गाड्या दरवाजाबाहेर ठेवायच्या आणि आत चालायचं. आमचं जहाज समोर नांगरलं, छोट्या होडीतून किनाऱ्याला आलो. एकाच वेळी सगळे प्रवासी उतरले तरी गावाला त्याचा भार झाला नाही, गल्ल्यांत शांतपणे फिरता आलं. सँटोरिनीत एका दिवसात येणारी गर्दी इतकी वाढली की तिथे क्रूझच्या प्रवाशांवर रोजची मर्यादा घालायची वेळ आली. लहान जहाजाला पैसे मोजायचे ते माझ्या मते मोनेमवासियासारख्या सकाळींसाठी.

जेवणाची चिंता करू नका. मी सोमवारी आणि गुरुवारी मांसाहार करत नाही, हे आधी कळवलं होतं. मसुराचं सूप, भाज्या, चीज, भाकरीसारखे जाड पाव असं व्यवस्थित मिळालं. ग्रीक लोकांचं फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरणच, वर ऑलिव्ह तेल. यांनी त्यावर शेंगदाण्याची चटणी घेतली आणि टेबलावरच्या बाकीच्यांनीही मागून घेतली.

मिकोनोसला आमच्याशेजारी थोड्या अंतरावर चार डोलकाठ्यांचं एक पांढरंशुभ्र जहाज नांगरलेलं होतं. विंडस्टारचं. आमच्या आधी ते निघालं. डेकवर दोर ओढणारं कुणी दिसत नव्हतं. चारही डोलकाठ्यांपाशी पांढऱ्या त्रिकोणी घड्या एकदम उलगडत गेल्या, एकसारख्या, कुठे सुरकुती नाही. हे कठड्याला दोन्ही हात टेकून बघत होते. "केवढं नेमकं काम आहे बघ. सगळ्या शिडांवर सारखा ताण," म्हणाले. मलाही ते सुंदर वाटलं, खोटं कशाला बोलू. जहाजाच्या मागच्या बाजूला पोहायला, छोट्या होड्या वल्हवायला पाण्यालगत उघडणारं फळकूट त्यांच्याकडे असतं, तेही दिसलं होतं. तरीही आपल्याकडे दोर चढायला लागले तेव्हा मी धावतच गेले.

म्हणून निपाणीच्या वन्संनी परवा विचारलं तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं. समुद्रावर चाललेलं काम बघायचंय, त्यात हात घालायचाय, खोलीत फक्त झोपायला जायचंय, तर स्टार क्लिपर्स. मोठी खोली, शांत जेवण, कललेल्या जिन्यांचा त्रास नको आणि शिडंही हवीत, तर विंडस्टार, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी 'विंड सर्फ'च. मे-जून किंवा सप्टेंबर घ्या, मेल्तेमीचा जोर टाळता येतो. वन्संनी सप्टेंबर म्हटलंय. त्यांच्याबरोबर आम्हीही निघणार, कारण यांना ती शिडं आतून पाहायची आहेत. 'विंड सर्फ'चा नकाशा छापून यांनी उद्यमबागेतल्या टेबलावर पसरला आहे, लिफ्टजवळच्या खोल्यांवर लाल पेनानं खुणा करताहेत, आणि मी बेंगळुरूची तारीख बघते आहे.