पट्ट्याचा शेवटचा हातभर

जुनी गाडी बघायला कुणी सोबत नेलं की मी पाचशे रुपये घेतो, वर चहा. गॅरेज धायरीत, आता एकोणीस वर्षं होतील. या कामात दुवा कमी मिळतात, कारण मला न्यायच्या आधीच गिऱ्हाइकाचं मन गाडीवर बसलेलं असतं.

काकांचंही बसलं होतं. नुकतेच रिटायर झालेले, नातीला क्लासला सोडायला गाडी हवी. "एजंट नाही रे, घरगुती माणूस आहे. बाईंनीच चालवलीय." घरगुती माणूस म्हटलं की लोक अर्धी तपासणी तिथंच सोडून देतात.

२०१७ची पांढरी पेट्रोल स्विफ्ट, एमएच १०, म्हणजे सांगली पासिंग. मागणी सव्वाचार लाख. कागद चोख. ॲपवर दुसरा मालक, बँकेचा बोजा नाही, विमा चालू. टीटीचे, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, २९ आणि ३०, गाडी विकणाऱ्या साहेबांनी सह्या करून फाइलला लावूनच ठेवलेले. थंड इंजिन एका सेल्फला सुरू झालं. ऑइलचं झाकण काढून बघितलं, बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे झाकणातून धुराचे फुसकारे नाहीत. धूर नाही, पत्र्याला पुट्टी नाही. 'झालं ना?' असं काका नजरेनंच विचारत होते.

मलाही झालंच वाटत होतं. फक्त गाडीत सुगंधाच्या दोन बाटल्या होत्या. एक समोर, एक मागच्या काचेपाशी.

ड्रायव्हरचा पट्टा ओढला. लोक हातभर ओढून सोडून देतात, मी रीळ संपेपर्यंत ओढतो. गाडी धुणारा सीट धुतो, छत पुसतो, टायरला पॉलिश मारतो. पण रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्या हातभरावर मातकट डाग होते, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. शेजारचा पट्टा ओढला. तिथंही तेच.

मग सीट मागं सरकवून टॉर्च मारला. सीट ज्यावर सरकते त्या पट्टीला गंज. पायाजवळचं प्लॅस्टिक काढून कार्पेट उचललं, तर खाली बारीक काळी माती. सांगलीची गाडी आणि काळी माती. ऑगस्ट २०१९ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा ही गाडी कुठंतरी सीटपर्यंत पाण्यात उभी होती.

असल्या गाड्या विमा कंपनीनं टोटल लॉस धरल्या की भंगाराच्या भावात जातात, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून परत रस्त्यावर येतात. आरसीत पाणी दिसत नाही.

मी माती चिमटीत घेऊन साहेबांना दाखवली. म्हटलं आता आवाज चढेल. ते नुसते बघत राहिले.

"मी २०२०च्या दिवाळीत घेतली हो. तेव्हा बसनं जायची भीती वाटायची. विकणारा म्हणाला, डॉक्टरांची गाडी आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. "म्हणून पावसाळ्यात वास येतो. मी दरवर्षी सांगतेय तुम्हाला." मग माझ्याकडे वळून, "दादा, एअरबॅग चालत असतील ना?"

याचं उत्तर द्यायला मला आवडलं नाही. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स गिअरच्या दांड्यापुढं, खाली तळालाच असतो. चावी फिरवल्यावर मीटरमधला दिवा लागून विझत होता, म्हणजे सिस्टीम स्वतःला ठीक समजत होती. पण ओल्या वायरिंगला आतून हिरवट गंज चढायला वर्षं लागतात आणि कधी दगा देईल ते कुणी सांगत नाही. एवढंच बोललो. चार वर्षं त्यांची मुलगी याच गाडीत पुढं बसून कॉलेजला गेली होती.

काका एक शब्द न बोलता चपला घालायला लागले. टोकन दिलेलं नव्हतं, नाहीतर तोही एक तमाशा झाला असता. माझे पाचशे मात्र त्यांनी तिथंच काढून दिले, साहेबांच्या समोर, जरा रागानंच. राग कुणावर ते कळलं नाही.

साहेब गेटपर्यंत सोडायला आले. काका पुढं गेल्यावर माझ्या स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईल का हो?"

"पट्टा पूर्ण ओढला तर येईल," मी म्हटलं आणि किक मारली.