बोलायला शिकायचंय? मग आधी पाठांतर

वक्तृत्वाचा कोर्स म्हटलं की आपल्याकडे कॉन्फिडन्स, बॉडी लँग्वेज, आय कॉन्टॅक्ट हेच सुरू होतं. हे सगळं हवंच, पण उभं राहिल्यावर बोलायचं काय ते कुठे शिकवतात? म्हणून मला कीर्तनकार घडवणारी आळंदीची वारकरी शिक्षण संस्था फार मोलाची वाटते.

जोग महाराजांनी ती १९१७ साली काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी नाही, पोरं गावात माधुकरी मागून आणायची, जेवायची आणि अभ्यासाला बसायची. शिकायचं काय तर ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, गीता, शिवाय गायन आणि पखवाज, म्हणजे धर्माचा अभ्यास, भाषण आणि संगीत तिन्ही एकत्रच. जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्यात एसपी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि कीर्तन-प्रवचनही तितक्याच निष्ठेने करत राहिले. कॉलेज आणि कीर्तनाचा फड या दोन वेगळ्या दुनिया आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी दांडेकरांकडे बघावं.

आता वारकरी कीर्तनात नक्की काय होतं बघा. निरूपणाला अभंग एकच, चार-पाच चरणांचा, आणि त्यावर दोन तास उभं राहून बोलायचं, हातात कागद नाही, समोर माईक आणि मांडी घालून बसलेलं गाव. एक चरण घ्यायचा, त्याचा अर्थ सोडवायचा, मग त्याला प्रमाण द्यायचं, म्हणजे ज्ञानेश्वरीतली ओवी नाहीतर नामदेवांचा, एकनाथांचा अभंग, आणि तो तिथल्या तिथे आठवायला हवा. मागे टाळकरी उभे असतात, कीर्तनकार महाराजांनी नुसतं अर्धं प्रमाण उचललं की पुढचं ते चालीत म्हणतात, मृदंग चढतो, तेवढ्यात बोलणाऱ्याला दम घेता येतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मुद्दा मुरतो. भरकटलात तरी परत त्याच चरणावर यायला लागतं. इतकी कडक शिस्त मी दुसऱ्या कुठल्या भाषणात बघितलेली नाही.

नारदीय कीर्तनाची रीत वेगळी, त्यात पूर्वरंगात तत्त्व मांडायचं आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावायचं, कीर्तनकार एकटाच, साथीला पेटी-तबला. गोष्ट सांगायला शिकायचं असेल तर हेही शिकावं.

हल्ली काही ठिकाणी कीर्तनात नुसते चुटकेच चुटके असतात आणि अभंग कुठेतरी मागे पडतो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोक हसतात, व्हिडिओ व्हायरल होतो, पण घरी जाताना हाताला काय लागलं? लोकांना हसवायला हरकत नाही हो, पण पाठांतर असलेला माणूस हसवतो तेव्हा त्याला अभंग सोडावा लागत नाही.

कुणी कॉलेजात पब्लिक स्पीकिंग शिकवत असेल तर कार्तिकीला पोरांना आळंदीला घेऊन जा. एक कीर्तन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवा, आणि महाराजांनी किती प्रमाणं दिली ते त्यांना वहीत लिहून काढायला सांगा.